मन बघायला नेलेली मुलगी

कांदेपोहे मी खात नाही. कोणाकडे गेले आणि बशी पुढे आली की पित्त झालंय म्हणून सांगते, आणि माझ्या वयाकडे बघून लोकांना ते पटतंही. कारण पित्ताचं नाही. कॉलेजच्या वर्षांत मी परक्या लोकांच्या पडव्यांत बसून इतके कांदेपोहे खाल्ले, की जन्मभराचा वाटा तेव्हाच संपला. दडपे पोहे चालतात, ओल्या खोबऱ्याचे असतील तर मागूनही घेते. पण कुठल्या घरात दुपारी कांदा परतल्याचा वास आला, की वाटतं आता आत्या कोपराने ढोसणार आणि कानात म्हणणार, ‘बघ गो नीट.’

आमचं घर रत्नागिरीत, मांडवीकडे उतरणाऱ्या रस्त्याला. सकाळी धक्क्यावरून परतणाऱ्या होड्यांच्या इंजिनांचा आवाज यायचा आणि त्यात आत्याच्या पाट्या-वरवंट्याचा आवाज मिसळायचा. अण्णा सरकारी कचेरीत कारकून होते आणि बोलण्यापेक्षा पेपर मोठ्याने वाचणं त्यांना सोपं जायचं. आई कायम चुलीपाशी. बांगड्याच्या आमटीत तिरफळं किती घालायची यावरून तिचं आणि आत्याचं रोज वाजायचं आणि जेवताना दोघींपैकी कोणालाच ते आठवत नसे. आत्याचे यजमान मुंबईला गिरणीत होते. सासरच्या माणसांशी तिचं पटलं नाही, म्हणून ती भावाकडे येऊन राहिली ती राहिलीच. स्वतःचा संसार वर्षातून दोनदा, गणपतीला आणि शिमग्याला, पण गावातली लग्नं जमवण्याची हौस दांडगी. कोणाची मुलगी लग्नाची आहे, कोणाचा मुलगा बोटीवरून सुट्टीवर आलाय, हे पोस्टमनच्या आधी तिला कळायचं.

मी मानसशास्त्र घेतलं यात माझी काही दृष्टी वगैरे नव्हती. प्रवेशाच्या दिवशी अर्थशास्त्राची रांग उन्हात होती आणि व्हरांड्याच्या सावलीत एका टेबलापाशी एक बाई एकट्याच बसल्या होत्या. त्यांच्याकडे कोणी जात नव्हतं. मला त्यांची दया आली, की सावलीचा मोह झाला, ते आता सांगता येणार नाही. सरपोतदार बाई पुण्याच्या. आमचं ‘गो’ आणि ‘नाय’ ऐकून त्यांना गंमत वाटायची, आणि त्यांचं स्वच्छ, ठाशीव बोलणं ऐकून आम्हाला परीक्षेला बसल्यासारखं व्हायचं. विषयाला आम्ही चौघं. प्रयोगशाळा म्हणजे प्राणिशास्त्राच्या शेजारची एक चिंचोळी खोली. फॉर्मॅलिनचा वास भिंतीतून यायचा. आत एक स्टॉपवॉच, एक लाकडी पडदा आणि आरशात बघून चांदणी गिरवायचं एक उपकरण. हात समोर असायचा पण पडद्याआड, दिसायचा फक्त आरशात, आणि साधी सरळ रेघ ओढताना माणूस घामाघूम व्हायचा. एकाने प्रयोग करायचा, दुसऱ्यावर करायचा. ज्याच्यावर करायचा त्याला आम्ही प्रयुक्त म्हणत असू.

प्रयोग संपला की शेवटी प्रयुक्ताला विचारायचं, कसं वाटलं? आणि तो जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहायचं. याचे बाईंचे दोन नियम होते. पहिला, प्रश्न विचारला की तोंड मिटायचं. समोरचा अडखळला तरी त्याला शब्द पुरवायचा नाही, कारण आपण पुरवलेला शब्द तो भिडेखातर घेतो. दुसरा, प्रयुक्ताने सांगितलेलं या खोलीबाहेर जाणार नाही. चांदणी वाकडी आली एवढंच तर आम्ही एकमेकांना सांगत होतो, त्याला कसलं आलंय गुपित, असं आम्हाला वाटायचं. तरी सवय लागली. गप्प बसायची सवय अशा चिंचोळ्या खोलीत लागते आणि मग ती कुठेही गेलं तरी आपल्याबरोबर येते.

घरी अण्णांनी एकदाच विचारलं की यात शिकवतात काय, आणि मी सांगायच्या आत आत्यानेच सांगून टाकलं की माणसाच्या मनातलं ओळखायला शिकवतात. मी म्हटलं, तसं काही नसतं, आम्ही आरशात बघून चांदण्या काढतो. आत्याला तो माझा विनय वाटला. त्याच महिन्यात शेजारच्या सुलूसाठी पावसचं एक स्थळ आलं आणि घर बघायला जाताना आत्याने मला बरोबर घेतलं. परतताना एसटीत तिने मुलगा कसा वाटला म्हणून विचारलं. मला काहीच वाटलं नव्हतं. काहीतरी सांगायचं म्हणून मी म्हटलं, आई बोलायला लागली की तो खायचा थांबतो. आत्याने त्यावरून पुढची सगळी रामकथा रचली आणि सुलूच्या घरच्यांनी नकार कळवला. तो मुलगा पुढे दुसरीकडे उजवला, आणि त्या मुलीला सासूने इतकं छळलं की ती माहेरी परत आली. झालं. आत्याने ही गोष्ट धक्क्यापासून स्टँडपर्यंत पोचवली.

त्यानंतर माझा रविवार माझा राहिला नाही. भाट्ये, नाणीज, लांज्याकडची वाड्या-वाड्यांतली घरं. आत्या मला मुद्दाम मुलाच्या समोर बसवायची आणि ओळख करून द्यायची, ‘ही माझी भाची, मानसशास्त्र करते.’ की मुलाचा चमचा बशीवर वाजायला लागायचा. सगळे इतके सांभाळून बसायचे की त्यातून देवालासुद्धा काही कळलं नसतं. मी कंटाळले, चिडले, एकदा तर रडलेसुद्धा. पण घरोघरचे आईबाप हात जोडून यायचे आणि आईला मोडता घालवत नसे. मग मी युक्ती काढली. बरा दिसला तर ‘बरा वाटला’ म्हणायचं आणि नसेल तर गप्प राहायचं. आत्याला हे लगेच उमगलं. थोड्याच दिवसांत सगळ्यांना माहीत झालं की पोर गप्प बसली म्हणजे स्थळात काहीतरी काळंबेरं आहे.

या सगळ्यात आमच्या ताईचं लग्न मागे पडत चाललं होतं. माझ्याहून चार वर्षांनी मोठी. नाकीडोळी नीटस, कामाला वाघ, बालवाडीत शिकवायची आणि मुलं तिला चिकटून असायची. पण तिचा चेहराच असा होता की ती कोणावर तरी रागावली आहे असं वाटावं. आई म्हणायची, पोरीच्या तोंडावर कायम आभाळ. स्थळं यायची, पोहे खायची, आणि निरोप यायचा की मुलगी हसत नाही, मनाविरुद्ध बसवल्यासारखी वाटते. पुढचे पाहुणे येण्याआधी आई आणि आत्या दोघी तिच्या मागे लागायच्या, ‘हस गो जरा, दात काय विकत आणायचे हायत?’ ताईने कधी उलट उत्तर दिलं नाही. ती पदर सारखा करायची आणि तसंच तोंड घेऊन बाहेर जायची.

मग अंजनवेलचे विलास आले. बोटीवर नोकरी, घरची थोडी आंब्याची कलमं, आईवडील साधे. त्यांनी ताईला स्वयंपाकाचं काही विचारलं नाही. नवरा महिनोन् महिने समुद्रावर असला तर घरात एकटं वाटेल का, एवढंच विचारलं. ताई म्हणाली, वाटेल. बाकी मुली अशा वेळी नाही म्हणतात. त्यावर तो मनुष्य तिच्याकडे बघत राहिला आणि मान हलवून ‘खरं हाय’ म्हणाला. ते गेल्यावर मागीलदारी मासळी साफ करताना ताई माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘हा बरा हाय गो.’ एवढ्या वर्षांत कुठल्याही स्थळाबद्दल तिने उच्चारलेलं हे पहिलं वाक्य. मला इतका आनंद झाला की मी हातातला बांगडा खाली टाकला.

घर बघायला म्हणून आम्ही अंजनवेलला गेलो. आता तिकडे मोठा वीज प्रकल्प आहे आणि गाड्या भरधाव जातात. तेव्हा दोन एसट्या आणि मध्ये तरीतून, म्हणजे होडीतून खाडी, असा जाऊन-येऊन दिवस जायचा. अण्णा, आत्या, ताई आणि मी. जेवणं झाल्यावर विलासांची बहीण म्हणाली, गोपाळगड बघून येऊ. ती आणि ताई पुढे बुरुजाकडे गेल्या आणि मी विलासांबरोबर मागे राहिले. खाली समुद्र होता. मी बघत होते, हा बोटीवरचा माणूस समुद्राकडे पाठ करून उभा राहिला. काही बोलायला हवं म्हणून मी विचारलं, मुलगी बघून घरी आल्यावर कसं वाटलं? आणि सवयीने तोंड मिटलं.

ते पायाने एक खडा मागे-पुढे सारत राहिले. मी शब्द पुरवला नाही. मग एकदम म्हणाले की मी बोट सोडली आहे, परत जाणार नाही, घरी कोणाला ठाऊक नाही. बोटीवर त्यांच्या बरोबरीचा एक मुलगा होता, दाभोळकडचा. डेक धुवायला म्हणून दोरीला बालदी बांधून समुद्रातून पाणी ओढत होता. कठड्यावरून वाकला, बोट कलली आणि तो गेला. ‘मी त्याचा सदरा धरला होता,’ विलास म्हणाले, ‘हातात राह्यला नाय.’ हे सांगताना त्यांनी दोन्ही हात काखेत घट्ट धरले. मी एकोणीस-वीस वर्षांची. चांदणी वाकडी आली हे ऐकायचं शिक्षण माझं. पुढे काय करायचं ते कोणी शिकवलं नव्हतं. मी म्हटलं, ‘हे तुम्ही ताईला सांगा.’

‘बोट सोडली ता सांगतो. दुसरं माझ्यान् सांगवणार नाय. नि तू पण बोलू नको. माझ्या जिवाची शपथ हाय तुला.’

‘मी नाही सांगणार,’ मी म्हटलं. पुढून ताईने हाक मारली. वाऱ्याने तिचा पदर उडत होता आणि तिच्या चेहऱ्यावर आभाळ नव्हतं.

घरी परतल्यावर ते बोटीचंही बोलले नाहीत. आईवडिलांसमोर त्यांना धीर झाला नसणार. आम्ही निघालो आणि तरीत बसल्या बसल्या आत्याने विचारलं, ‘काय गो, कसा वाटला?’ बरा वाटला म्हणावं, तर घरचे सगळे बोटीवरच्या माणसाशी सोयरीक ठरवत होते आणि तसा माणूस आता नव्हता. वाईट म्हणावं, तर वाईट काहीच नव्हतं. मी म्हटलं, मला विचारू नको आत्ये, ताईला त्यांच्याशी एकदा नीट बोलू दे. आत्याने माझ्याकडे बघितलं, मग अण्णांकडे, आणि ‘कळलं’ म्हणून ती पाण्याकडे बघायला लागली. माझ्या गप्प बसण्याचा अर्थ लावायला तिला मीच शिकवलं होतं. दोन दिवसांत अंजनवेलला नकाराचा निरोप गेला. मी सांगत राहिले की असं काही नाही, आणि जितकं सांगावं तितकं सगळ्यांना वाटायचं की पोर भिडेने पोटात ठेवते आहे.

ताई मागीलदारी मासळी साफ करत होती. मी जाऊन शेजारी बसले. तिने विचारलं, गडावर त्यानं तुला काय सांगितलंन? मी म्हटलं, त्यांनाच विचार. विळी थांबली.

‘तू माझी भैन हायस की त्याची?’

बाईंच्या नियमात बहिणीचं काही नव्हतं. पुढे पुण्याला एम. ए. केलं, जाडजूड पुस्तकं वाचली, त्यांतही सापडलं नाही.

दुसऱ्या दिवशी ताई बालवाडीत जाते म्हणून निघाली आणि थेट अंजनवेलला गेली. एकटी. लग्न मोडलेल्या घरी मुलगी आपल्या पायांनी जाते हे आमच्या आळीत कोणी ऐकलं नव्हतं. दिवेलागणीला परत आली तेव्हा आई रडून रडून बसली होती. ताईने पाय धुतले, अण्णांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, ‘बोट सोडलीन त्यानं. समुद्र नको, घरी राह्यचं हाय म्हणतो. मी त्याच्याशीच लगीन करणार.’ अण्णांच्या हातातला पेपर तसाच राहिला. बोटीवरचा म्हणून पसंत केलेला मुलगा बिनबोटीचा निघाला, म्हणजे स्थळात काय उरलं, हा प्रश्न सगळ्यांच्या तोंडावर होता. पण ताईचा आवाज ऐकून तो कोणी विचारला नाही. सगळ्यांत जास्त लागलं ते आत्याला. तिने मला पुढे कधी कुठे नेलं नाही, आणि त्याबद्दल मी ताईची जन्माची ऋणी आहे.

लग्न झालं. भावोजी होड्यांची इंजिनं दुरुस्त करायला शिकले, पण वाळूत ओढून आणलेल्याच. पाण्यावरच्या होडीत त्यांनी पाऊल ठेवलं नाही. तरीत बसायला नको म्हणून ते लांबून, रस्त्याने वळसा घालून रत्नागिरीला यायचे. आणि विहिरीचं पाणी कायम तेच ओढायचे. न्हाणीचं, धुण्याचं, गुरांचं, सगळं. ताईने रहाटाला हात लावलेला त्यांना चालत नसे. ती विहिरीकडे गेली तर हातातलं काम टाकून धावत यायचे. वाडीतल्या बाया हसायच्या, बायकोचा गडी म्हणायच्या. ताईही त्यांच्यात हसायची. हो, ताई हसायला लागली होती. मी जायचे तेव्हा बघायचे, भावोजी दारात आले की तिचं तोंड फुलायचं. आईला वाटलं पोर सुखात पडली. आत्या तर शेवटपर्यंत सांगत होती की हे लग्न मीच जमवलं. ताई सुखात आहे असं मलाही वाटलं. तोवर मी एम. ए. झाले होते.

माझं स्वतःचं लग्न झालं नाही. दोन-चार लोक बघायला आले, पण पोरगी मन वाचते हे कानावर गेलं की पुन्हा फिरकत नसत. शाळांमधून नोकरी केली. आता मिरजोळ्याला, कारखान्यांच्या वसाहतीजवळ एका खोलीत आठवड्यातून दोन दुपारी बसते. टेबल, पंखा, दोन खुर्च्या. कामगार येतात, त्यांच्या बायका येतात, मुलांचे गुण कमी पडले म्हणून आईबाप येतात. मी विचारते, कसं वाटलं? आणि तोंड मिटते. जवळजवळ प्रत्येक जण कधी ना कधी म्हणतो, ‘मॅडम, फक्त तुम्हालाच सांगतोय.’ पूर्वी हे ऐकून बरं वाटायचं. आता संध्याकाळी रिक्षातून घरी येताना अंगातलं सगळं बळ गेलेलं असतं. इतक्या लोकांचं फक्त मलाच सांगितलेलं घेऊन मी कुठे जाणार आहे, कोण जाणे. सरपोतदार बाई गेल्या त्यालाही बरीच वर्षं झाली. नाहीतर त्यांना विचारलं असतं की तुम्ही कुठे ठेवत होतात.

यंदा उन्हाळ्यात भावोजी गेले. झोपेतच गेले. तेरावं झाल्यावर पाहुणे पांगले आणि मी अंजनवेलला राहिले. मुलगा मुंबईला, दुसऱ्या दिवशी कामावर जायला हवं म्हणून तोही गेला. विहिरीवर आता पंप आहे आणि वरून लोखंडी जाळी, ती भावोजींनीच बसवून घेतलेली. दुपारी आम्ही दोघी पडवीत फणसाच्या आठळ्या सोलत बसलो होतो. माझं ताईच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं. तिथे ते जुनं आभाळ परत आलं होतं, लग्नाआधीचं, जसंच्या तसं. दुःखाने असेल असं मी धरून चालले.

‘नले,’ ती म्हणाली, ‘आता तो नाय. गडावर काय सांगितलंन होतं ता सांग.’

एवढ्या वर्षांत तिने पुन्हा विचारलं नव्हतं, आणि मी सांगितलं नव्हतं. शपथ ज्याच्या जिवाची होती तो जीव आता नव्हता, असं म्हणून मी स्वतःला समजावलं. खरं सांगायचं तर मी काही समजावलंही नाही. फार थकले होते. मी तिला सांगितलं. दाभोळकडचा मुलगा, दोरी, बालदी, कठड्यावरून वाकणं, हातात न राहिलेला सदरा. ताईचे हात आठळ्यांत तसेच राहिले. ती अंगणाच्या टोकाला विहिरीकडे बघत होती.

‘म्हणून मला वाकू देत नव्हता,’ ती म्हणाली.

मी हो म्हटलं. ती पुन्हा आठळ्या सोलायला लागली आणि मीही.

‘मला वाटायचं, माझं ह्ये असलं तोंड बघून त्याला भ्या वाटतंय. ही विहिरीत जीव देईल म्हणून मागं मागं येतो. लग्न झाल्या झाल्याच मनात आलं. विचारणार कसं? म्हणून मी हसायला लागले गो. त्याला घोर नको. तो दारात आला की हसायचं. आजारात, बाळंतपणात, कधी चुकवलं नाय.’

तिच्यासमोर मला ‘कसं वाटलं?’ हा माझा नेहमीचा प्रश्न विचारायची हिंमत झाली नाही. मी तिच्या मांडीवरचं ताट उचलून बाजूला ठेवलं आणि म्हटलं, ‘दमलीस ना गो?’

ताईने दोन्ही हातांनी स्वतःचा चेहरा चाचपून बघितला, हनुवटीपासून कानांपर्यंत.

‘गाल दुखायचे,’ ती म्हणाली. ‘रोज दुखायचे.’